पुण्यात डोळ्यांची तपासणी आणि चष्मा: परवडणारे तरीही भरवशाचे दुकान कसे निवडावे?

अंजनवेल · शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार. आमच्या घरात या महिन्यात एकदम चार चष्मे करायचे आहेत आणि चौघांचे मिळून बारा हजारांच्या आत बसवायचे आहे, म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारते आहे.

माझे वय ४३. लांबचा नंबर कॉलेजपासून उणे ३ आहे, आणि आता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचताना चष्मा कपाळावर सरकवावा लागतो. यजमान रोज कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीने जातात. रात्री परतताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरतात, अशी त्यांची तक्रार आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि फळ्यावरचे उतरवून घेताना तो डोळे बारीक करतो, असे त्याच्या बाईंनी कळवले. सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे.

मागच्या आठवड्यात घराजवळच्या एका दुकानात मुलाला नेले. तपासणी मोफत होती. यंत्रासमोर हनुवटी टेकवली, दोन-तीन काचा बदलून ‘हे बरे की ते बरे’ विचारले, आणि सात-आठ मिनिटांत आम्ही फ्रेमच्या कपाटासमोर उभे होतो. नंबर उणे १.२५ सांगितला. तो कागदावर लिहून मागितला, तेव्हा चष्मा येथेच करणार असाल तर कागदाची गरज नाही, असे उत्तर मिळाले. शंका आली म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो, तर तेथे उणे ०.५० निघाला. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांबाबत दोन दुकानांत इतका फरक पडत असेल, तर विश्वास कोणावर ठेवायचा?

पर्वतीपायथा · शनिवार, सकाळी ९.४२

मी सहा वर्षांपासून एका मोठ्या साखळी दुकानातून चष्मे घेतो. नंबर साधा आहे, उणे १.७५, सिलिंडर (एकाच दिशेला लागणारा जास्तीचा नंबर) नाही. फ्रेम आणि काचा मिळून दीड हजाराच्या आसपास खर्च येतो आणि आजवर काहीही तक्रार नाही. साध्या नंबरासाठी फार विचार करू नये, असे मला वाटते.

निळीशाई · शनिवार, सकाळी १०.२५

पर्वतीपायथा यांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर आहे, परंतु अंजनवेलताईंच्या घरात साधा नंबर बहुधा कोणाचाच नाही. चाळिशी, रात्रीची दुचाकी, लहान मूल आणि मधुमेह हे चार अगदी वेगळे प्रश्न आहेत.

माझे मत असे की तपासणी आणि खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. जो तपासतो त्याला आपण चष्मा कोठे करणार याच्याशी देणेघेणे नसले, की तो घाई करत नाही. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, नंबर कागदावर घ्यावा आणि त्या कागदावर पुढील गोष्टी आहेत की नाही ते तेथेच उभे राहून पाहावे: दोन्ही डोळ्यांचा गोल नंबर, सिलिंडर, त्याचा अक्ष (तो किती अंशांवर बसवायचा ते), वाचनासाठीची वाढ (जवळचे दिसण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा) आणि दोन बाहुल्यांमधले अंतर. शेवटची गोष्ट अनेक जण लिहीतच नाहीत, आणि स्वस्त चष्म्यात सर्वाधिक घोळ तिथेच होतो.

सासूबाईंना मात्र दुकानात नेऊच नका. सोळा वर्षांच्या मधुमेहात डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा पाहिलाच पाहिजे. ते काम नेत्रतज्ज्ञांचे आहे.

सहकारनगरकर · शनिवार, सकाळी ११.०५

निळीशाई यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. तपासणी एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे केल्याने माझे दोन महिने वाया गेले. नवा चष्मा लावला की जमीन तिरकी दिसायची. दुकानदार म्हणाले, कागदावर लिहिला आहे तोच नंबर घातला आहे, डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांकडील सहायकांनी सांगितले, आमचा नंबर बरोबर आहे, काच चुकली असेल. मी कर्वे रस्ता आणि टिळक रस्ता यांच्यामध्ये चार हेलपाटे घातले. शेवटी सिलिंडरचा अक्ष ८० ऐवजी १०० वर बसवला गेला होता असे निघाले. एकाच छताखाली सगळे केले असते, तर जबाबदारी कोणाला ढकलता आली नसती.

निळीशाई · शनिवार, सकाळी ११.३१

सहकारनगरकर, तुमचा त्रास खरा आहे आणि त्यावर एक उपाय आहे. तयार चष्मा हातात आला की दुकानातच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तो मोजून दाखवायला सांगावे आणि आपला कागद शेजारी धरावा. दोन मिनिटांचे काम आहे. जे दुकान याला नाही म्हणते, तेथे पुन्हा जाऊ नये.

काचकाम · शनिवार, दुपारी २.१५

मी पेठेत एकवीस वर्षे चष्म्याचे दुकान चालवतो. दुकानाचे नाव येथे सांगणार नाही, कारण मला गिऱ्हाईक मिळवायचे नाही. परंतु दोन्ही बाजूंनी मांडलेल्या मुद्द्यांत तथ्य आहे, म्हणून या बाजूने काय दिसते ते सविस्तर लिहितो.

प्रथम मोफत तपासणीविषयी. मोफत तपासणी वाईटच असते असे नाही. माझ्याकडेही ती मोफत आहे. परंतु तपासणारी व्यक्ती कोण आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याच्या शिक्षणाची, पदवी चार वर्षांची असते, त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आपल्या पुण्यातच भारती विद्यापीठात हे शिक्षण मिळते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टांना आरोग्य व्यावसायिकांमध्ये स्थान दिले आहे. असे शिकलेले माणूस यंत्राच्या आकड्यावर थांबत नाही. यंत्र फक्त सुरुवातीचा अंदाज देते; त्यानंतर प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून, पाव-पाव नंबराने पुढे-मागे जाऊन, मग दोन्ही डोळे एकत्र उघडून पाहावे लागते. एवढे नीट करायला मोठ्या माणसाला वीस मिनिटे तरी लागतात. सात-आठ मिनिटांत ते होत नाही.

आता बाहुल्यांमधल्या अंतराविषयी. समजा नंबर उणे ६ आहे, अंतर ५८ मिलिमीटर आहे आणि काचा ६६ वर बसवल्या. प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ४ मिलिमीटर सरकला. सेंटिमीटरमधले ते अंतर नंबराने गुणले, की ०.४ गुणिले ६, म्हणजे प्रत्येक डोळ्यापुढे २.४ इतका प्रिझम (प्रकाश एका बाजूला वळवणारा परिणाम) तयार होतो. दोन्ही डोळ्यांना दिवसभर एकमेकांपासून दूर ओढले जावे लागते. संध्याकाळी भुवयांवर दुखते, आणि माणसाला वाटते की नंबर चुकला. नंबर उणे १ असेल तर हीच चूक कळतदेखील नाही. पर्वतीपायथा यांना सहा वर्षांत त्रास झाला नाही, यामागे हेही एक कारण असू शकते.

पैसे कोठे वाचवावेत? फ्रेममध्ये. नऊशे रुपयांची फ्रेम आणि साडेचार हजारांची फ्रेम यांच्या काडीच्या बिजागरीत फरक असतो, दिसण्यात थोडा असतो, परंतु डोळ्याला काहीही फरक पडत नाही. उणे ३ पर्यंतच्या नंबराला १.५६ ची साधी काच पुरते (हा आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ). १.६७ किंवा १.७४ च्या पातळ काचा मोठ्या नंबरांसाठी आहेत. उणे २ च्या माणसाने त्या घेऊन काहीच मिळत नाही. मात्र प्रतिबिंबरोधक थर घ्यावा. आणि फ्रेम लहान घ्यावी. रुंद फ्रेममध्ये उणे नंबराची काच कडेला जाड होते, मग तीच जाडी कमी करण्यासाठी महागडी काच विकली जाते.

आणखी एक गोष्ट बिल पाहताना लक्षात ठेवा. नंबरच्या चष्म्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

सहकारनगरकर · शनिवार, दुपारी ३.०२

काचकाम, मनापासून आभार. अक्षाची चूक कशी होते हेही समजावून सांगाल का?

काचकाम · शनिवार, दुपारी ३.२०

बहुतेक वेळा काच घासायला लावताना ती फिरलेली असते, किंवा कागदावरचा आकडा वाचताना गफलत होते. सिलिंडर पाव किंवा अर्धा असेल तर पाच अंश इकडे-तिकडे खपून जातात. सिलिंडर २ असेल तर तेवढेही खपत नाही. तुमच्या बाबतीत वीस अंश म्हणजे फारच झाले.

रानजाई · शनिवार, सायंकाळी ५.४८

अंजनवेलताई, मुलाचा चष्मा कृपया अजून करू नका. माझ्या मुलीच्या बाबतीत हेच घडले होते.

ती आठ वर्षांची असताना एका दुकानात उणे १.५० सांगितला आणि आम्ही त्याच दिवशी चष्मा केला. तिने तो महिनाभर लावला. संध्याकाळी डोके दुखते म्हणून ती गृहपाठ अर्धवट सोडायची आणि आम्ही तिलाच रागवायचो. शेवटी मुलांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळ्यांत तीनदा थेंब घातले, तासाभराने बाहुल्या पूर्ण मोठ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत उजेडाची रेघ फिरवून, हातात एकेक काच धरून तपासले, आणि तिचा नंबर निघाला अधिक ०.५०. म्हणजे तिला चष्म्याची गरजच नव्हती. लहान मुलांच्या डोळ्यांतले स्नायू इतके जोरात असतात, की यंत्रात पाहताना ती नकळत जवळचे पाहिल्यासारखा ताण देतात आणि यंत्र तो ताण उणे नंबर म्हणून मोजते. थेंबांनी तो स्नायू सैल होतो, मग खरा नंबर समोर येतो.

त्या महिनाभरात तिला ओरडले याचे मला आजही वाईट वाटते. थेंबांचे प्रकार असतात. काहींचा परिणाम दिवसभरात उतरतो, अॅट्रोपिनचा मात्र आठवड्याहून अधिक राहतो आणि तोवर मुलाला पुस्तक धूसर दिसते. म्हणून चाचणी परीक्षेचा आठवडा सोडून जा.

चाळिशीपार · शनिवार, रात्री ८.१०

संगणकाच्या निळ्या प्रकाशासाठी वेगळी काच घ्यावी का? मला दुकानात आठशे रुपये जास्त सांगितले आहेत.

निळीशाई · शनिवार, रात्री ८.३६

घेऊ नये, असे माझे मत आहे. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने यावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी संगणकावरचा डोळ्यांचा ताण कमी होत नसावा, असाच त्याचा निष्कर्ष होता. संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर काच हे उत्तर नव्हे.

पर्वतीपायथा · शनिवार, रात्री ८.५५

मला तशा काचेने निश्चित बरे वाटले. हा अनुभव खोटा कसा म्हणावा?

काचकाम · शनिवार, रात्री ९.३०

अनुभव खोटा नाही. तुमच्या जुन्या काचेवर प्रतिबिंबरोधक थर होता का ते आठवून पाहा. निळ्या प्रकाशाच्या काचेसोबत तो थर बहुधा येतोच, आणि बरे वाटण्याचे श्रेय त्याचे असू शकते. अंजनवेलताईंच्या यजमानांनाही तोच थर उपयोगी पडेल. मात्र दिवे पसरण्यामागे न दिलेला सिलिंडर किंवा जुन्या काचेवरचे ओरखडे असण्याची शक्यता आधी तपासावी. दुचाकीवर धूळ बसलेली काच शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली, की थर खरवडतो. पाण्याखाली धरून मगच पुसावी.

धनकवडी_४३ · रविवार, सकाळी ८.२०

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. माझ्या धाकट्या भावाचा सिलिंडर बारावीपासून दर सहा-आठ महिन्यांनी वाढत होता. आम्ही स्वस्त दुकाने बदलत राहिलो. प्रत्येक दुकानाने नवा नंबर काढला, नवा चष्मा दिला, आणि तरीही त्याला अक्षरांना सावली दिसायची. दोन वर्षांत पाच चष्मे झाले. पाचव्या वेळी एका तरुण ऑप्टोमेट्रिस्टने चष्मा विकायलाच नकार दिला आणि बुबुळाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढून घ्या, असे लिहून दिले. निदान झाले केरॅटोकोनसचे: बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येत होते. त्याला लहानपणापासून डोळे चोळायची सवय होती, आणि डॉक्टरांनी ती सर्वांत आधी सोडायला सांगितली. क्रॉसलिंकिंग (बुबुळ घट्ट करण्याचा उपचार) केल्यावर वाढ थांबली, पण गेलेली नजर चष्म्याने पूर्ण परत आली नाही.

पाच चष्म्यांचे पैसे गेले त्याचे काही नाही, दोन वर्षे गेली. तरुण मुलाचा सिलिंडर वारंवार बदलत असेल, तर दुकान बदलू नका, डॉक्टर गाठा.

रानजाई · रविवार, सकाळी ८.४१

त्या ऑप्टोमेट्रिस्टने विक्री सोडून खरे ते सांगितले, त्यांना नमस्कार.

वानप्रस्थ · रविवार, सकाळी १०.१५

अंजनवेलताई, वय ७४ असल्याने प्रोग्रेसिव्ह काचांविषयी (लांबचा ते वाचनाचा नंबर रेघेशिवाय एकाच काचेत असतो त्या) अनुभवाने लिहितो. पंचवीस वर्षे रेघेचा बायफोकल वापरला, नंतर मुलाच्या आग्रहाने प्रोग्रेसिव्ह केला. पहिल्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पायाखालची पायरी धूसर आणि जवळ दिसायची, कारण काचेच्या खालच्या भागात वाचनाचा नंबर असतो. हनुवटी छातीकडे नेऊन वरच्या भागातून पायरी पाहायची, हे शिकायला पंधरा दिवस गेले. आता अडचण नाही.

पहिल्या वेळी केलेला प्रोग्रेसिव्ह मात्र फुकट गेला होता. त्या दुकानात मी फ्रेम निवडली आणि त्यांनी ती तशीच कारखान्यात पाठवली. दुसऱ्या दुकानातील बाईंनी फ्रेम आधी माझ्या नाकावर बसवली, काड्या कानामागे वाकवल्या, मला उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला सांगितले, आणि स्वतः माझ्या उंचीला येऊन नमुन्याच्या काचेवर प्रत्येक बाहुलीसमोर पेनाने खूण केली. उजवी खूण डावीपेक्षा दीड मिलिमीटर वर आली. माझा चेहरा तेवढा तिरपा आहे, हे मला चौऱ्याहत्तर वर्षांत ठाऊक नव्हते. ही खूण न करता कोणी प्रोग्रेसिव्ह देत असेल, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

काचकाम · रविवार, सकाळी ११.०५

वानप्रस्थकाकांनी नेमके लिहिले आहे. त्यात एक भर घालतो. ज्या प्रतीच्या प्रोग्रेसिव्हचे पैसे दिले तीच काच मिळाली का, हे घरी पाहता येते. काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील. कानाकडच्या खुणेखाली वाचनासाठीची वाढ लिहिलेली असते आणि नाकाकडच्या खुणेखाली बहुधा काचेच्या प्रकाराचे चिन्ह. ते दुकानाने दिलेल्या कार्डाशी जुळवून पाहा.

वय ४३ असताना वाढ साधारण १ च्या आसपास निघते, म्हणून ताईंना साधा प्रोग्रेसिव्हही सहज जमेल. वाढ कमी असताना कडेचा धूसर भागही कमी असतो.

निळीशाई · रविवार, दुपारी १२.४०

सासूबाईंसाठी एक नाव सुचवते. हडपसरजवळ महंमदवाडीत पुणे अंधजन मंडळाचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. धर्मादाय संस्था असल्याने खर्च आवाक्यात राहतो, आणि पडद्याचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर जा, जेवणाचा डबा न्या. थेंब घातल्यावर चार-सहा तास उजेड सहन होत नाही, त्यामुळे गडद चष्मा आणि सोबतीला कोणीतरी हवेच.

साखर सध्या वर-खाली होत असेल तर चष्म्याची घाईही करू नका. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगाचा नंबर बदलतो. माझ्या वडिलांचा तीन आठवड्यांत सव्वा नंबराने बदलला होता.

अंजनवेल · तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.३०

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, म्हणून पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मुलाला रानजाई यांनी सांगितल्याप्रमाणे थेंब घालून तपासले. त्याला खरोखरच नंबर आहे, दोन्ही डोळ्यांना उणे ०.७५. म्हणजे दोन्ही दुकाने चुकली, एक जास्त आणि एक कमी. डॉक्टरांनी रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा आणा, असे सांगितले. त्याच्यासाठी पॉलिकार्बोनेटच्या सहजासहजी न फुटणाऱ्या काचा घेतल्या. एकूण १,६५० रुपये.

यजमानांना उजव्या डोळ्यात ०.७५ सिलिंडर निघाला, जो जुन्या चष्म्यात नव्हताच. प्रतिबिंबरोधक थरासह त्यांचा चष्मा १,९०० रुपयांत साखळी दुकानात झाला. कागद शेजारी धरून लेन्सोमीटरवर मोजून घेतला. तेथील मुलाने आनंदाने दाखवला, आणि काल रात्री चांदणी चौक उतरताना दिवे सुटे-सुटे दिसले, असे ते म्हणाले.

माझा प्रोग्रेसिव्ह पेठेतल्या दुकानात केला. बाहुलीवर खूण केली, वाफ सोडून पाहिली, वाढ १.०० लिहिलेली दिसली. ४,८०० रुपये लागले.

सासूबाईंचा चष्मा मात्र झालेला नाही. पडद्याच्या मध्यभागी थोडी सूज आली आहे आणि त्यांना ती जाणवतही नव्हती. नंबर वाढला असेल, एवढेच त्या म्हणत होत्या. पहिले इंजेक्शन मंगळवारी झाले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग नंबर काढू, असे डॉक्टर म्हणाले. उरलेले ३,६५० रुपये त्यांच्या चष्म्यासाठी बाजूला ठेवले आहेत.

एक शंका उरली आहे. माझा चष्मा खाली वाकले की नाकावरून घसरतो, आणि तेवढ्यापुरते वाचताना धूसर होते. हे सवयीने जाईल का?

काचकाम · रविवार, सायंकाळी ७.०५

सवयीने जाणार नाही. प्रोग्रेसिव्ह दोन मिलिमीटर जरी खाली घसरला, तरी वाचनाचा भाग तेवढाच खाली जातो. ज्या दुकानात केला तेथेच न्या, काडी कानामागे थोडी अधिक वाकवतील आणि नाकावरच्या गाद्या जवळ घेतील. त्याचे पैसे कोणी घेत नाही. सासूबाईंची प्रकृती कशी आहे ते कळवत राहा.